चारशे शेकेलची गुहा आणि मेलेल्याचं नाव

पश्चिम आशियातल्या बातम्यांत हेब्रोन हे नाव अधूनमधून येत राहतं. जेरुसलेमच्या दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवरचं हे पॅलेस्टिनी शहर. तिथे हेरोद राजाच्या काळातल्या अवाढव्य दगडी भिंतींची एक वास्तू आहे आणि तिच्या पोटात गुहा. मुसलमानांची ती इब्राहिमी मशीद, यहुद्यांची मकपेलाची गुहा. दोन्ही धर्मांचे लोक एकाच छपराखाली वेगवेगळ्या दालनांत, सैनिकांच्या पहाऱ्यात प्रार्थना करतात. 2017 मध्ये युनेस्कोने हेब्रोनचं जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हाही केवढा गदारोळ झाला. बातमी वाचून आपल्याकडचा माणूस विचारतो, एका थडग्यापायी एवढं?

ते थडगं ज्या व्यवहाराने मिळालं, तिथूनच सुरुवात करू. हिब्रू धर्मग्रंथ मृत्यूकडे कसा बघतो ते त्या व्यवहारात स्पष्ट दिसतं.

यहुदी ज्याला आपला मूळपुरुष मानतात त्या अब्राहामाची बायको सारा 127 वर्षांची होऊन वारली. अब्राहाम मूळचा मेसोपोटेमियाकडचा, इथे उपरा. हा सगळा देश तुझ्या वंशजांना देईन असं देवाने सांगितलेलं, पण आज नावावर वीतभर जमीन नाही आणि घरात मढं. तो हित्ती लोकांपुढे उभा राहून पुरायला जागा मागतो. ते म्हणतात, अहो, तुम्ही थोर माणूस, आमच्यातलं हवं ते थडगं वापरा. अब्राहामाला फुकटची, उसनी जागा नको आहे. तो एफ्रोनची गुहा रोख किंमत देऊन मागतो. एफ्रोन चारचौघांत म्हणतो, घ्या, देऊनच टाकतो. अब्राहाम पुन्हा आग्रह धरतो. मग एफ्रोन हळूच म्हणतो, चारशे शेकेलची तर जमीन, तुमच्या-आमच्यात तेवढ्याचं काय हो?

आकडा सांगायची ही रीत आपल्याला नवी नाही. अब्राहामालाही ती कळते. एका शब्दाची घासाघीस न करता तो चांदी तोलून देतो. शेकेल हे तेव्हा नाणं नव्हतं, वजन होतं. पुढच्या काळातली जी वजनं उत्खननात सापडली त्यांवरून एक शेकेल साधारण 11 ग्रॅमचा धरतात. म्हणजे सुमारे साडेचार किलो चांदी. आणि मग पुस्तक चक्क सातबारा वाचून दाखवतं: मम्रे नावाच्या जागेसमोरचं एफ्रोनचं शेत, त्यातली गुहा, शेतातली नि चहूकडच्या बांधावरची सगळी झाडं, वेशीत जमलेल्या मंडळींच्या साक्षीने अब्राहामाच्या नावे झाली.

हा सगळा अध्याय वीस ओव्यांचा. त्यात सारा मेल्यावर कुठे गेली, तिच्या आत्म्याचं काय झालं, याबद्दल अवाक्षर नाही.

## आधी ग्रंथ कोणता ते

यहुदी लोक या ग्रंथाला तनाख म्हणतात. तोरा म्हणजे यहुद्यांचा पुढारी नि कायदा देणारा मोशे याची पाच पुस्तकं, नवीइम म्हणजे संदेष्टे, देवाचा निरोप सांगणारे, आणि कतुवीम म्हणजे बाकीचं लेखन, या तिन्हींच्या आद्याक्षरांचा तो शब्द. ख्रिस्ती मंडळींचा 'जुना करार' तो बहुतांशी हाच, पुस्तकांचा क्रम नि मोजणी तेवढी वेगळी. भाषा हिब्रू, थोडा भाग अरामी. पंडिता रमाबाईंनी उतारवयात केडगावला राहून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या, त्या जवळजवळ हे काम संपवूनच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. ज्ञानेश्वरी जशी एका हातची आहे तसं हे नाही. शतकानुशतकं भरत गेलेलं हे दप्तर आहे. त्यातले कागद एकमेकांशी भांडतात आणि संपादकांनी ती भांडणं पुसली नाहीत, हे त्यांचे उपकारच.

## मेल्यावर माणूस जातो कुठे?

शेओलमध्ये. हा शब्द तनाखमध्ये साधारण 65 वेळा येतो, मराठी बायबलात त्याला 'अधोलोक' म्हटलंय. शेओल म्हणजे जमिनीखालची अंधारी, धुळीची, गप्प जागा. राजा तिथेच, गुलाम तिथेच, सज्जन तिथेच आणि चोरही तिथेच. बक्षीस नाही, शिक्षा नाही. चित्रगुप्ताची वही तर नाहीच. स्तोत्रकर्ते देवाशी चक्क सौदा करतात: मला मरू देऊ नकोस, मेलेले तुझी स्तुती करत नाहीत, मी गेलो तर नुकसान तुझंच.

'आत्मा' हा शब्दही जपून वापरायला हवा. शरीर वस्त्रासारखं टाकून निघून जाणारा आत्मा ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती सगळ्यांचीच असेल असं वाटतं. हिब्रूत शब्द आहे 'नेफेश'. भाषांतरात त्याचा आत्मा होतो, पण त्याचा एक जुना अर्थ गळा, घसा असा आहे. एका स्तोत्रात बुडणारा माणूस ओरडतो, पाणी माझ्या नेफेशपर्यंत आलं. इंग्रजी भाषांतरकारांची इथे पंचाईत होते, आत्म्यापर्यंत पाणी चढेल कसं? मराठी माणसाला अडचण नाही. आपल्याकडे जीव कंठाशी येतो. नेफेश म्हणजे हा आपला 'जीव'. जीव जातो, जीव लागतो, जीव तोडून काम करतो. तो शरीरापासून सुटून वेगळा प्रवास करत नाही. माणूस मातीचा, 'अदामा' म्हणजे माती आणि तिच्यापासून घडलेला तो 'आदाम'. त्यात देवाने श्वास फुंकला. श्वास काढून घेतला की पुन्हा माती.

## पण भुतं, आत्म्यांशी बोलणं, काहीच नव्हतं?

होतं की. लोक करत होते म्हणूनच तर बंदी घालावी लागली. इस्राएलांचा पहिला राजा शौल याने मेलेल्यांशी बोलणाऱ्यांना देशातून हाकललं होतं. लढाईच्या आदल्या रात्री देव उत्तर देईना, तेव्हा हाच शौल वेष पालटून एन-दोर गावच्या एका बाईकडे गेला आणि म्हणाला, शमुवेलाला वर आण. शमुवेल हा त्याचा मेलेला गुरू. म्हातारा अंगरखा पांघरून वर आला आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, मला कशाला उठवून त्रास दिलास?

झोपमोड झालेल्या माणसाचा हा स्वर आहे. त्याने ना स्वर्गाची हकिगत सांगितली, ना नरकाची. उद्या तू आणि तुझी पोरं माझ्याजवळ असाल, एवढंच सांगितलं. शमुवेल संदेष्टा, शौल देवाने टाकलेला, पण मुक्कामाचं ठिकाण एकच.

## 'आपल्या लोकांना जाऊन मिळाला'

कुलपिता मेला की पुस्तक म्हणतं, तो आपल्या लोकांत मिळवला गेला. हा काव्यात्म शब्दप्रयोग वाटतो, पण जेरुसलेमच्या परिसरात यहुदाच्या राज्यातली जी घराण्याची थडगी सापडली ती पाहिली की त्याचा अगदी साधा अर्थही दिसतो. खडकात कोरलेली खोली, तीन बाजूंना दगडी ओटे. मढं ओट्यावर ठेवायचं आणि दार लावून घ्यायचं. वर्ष-दोन वर्षांत नुसती हाडं उरली की ती ओट्याखालच्या खळग्यात सरकवायची, तिथे आजा-पणज्यांची हाडं आधीच पडलेली. ओटा पुढच्यासाठी मोकळा. हाडं अक्षरशः पूर्वजांच्या हाडांत मिसळत.

जेरुसलेमच्या हिन्नोम खोऱ्यावरच्या कतेफ हिन्नोम इथल्या अशाच एका खळग्यात 1979 मध्ये चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या सापडल्या, ताइतासारख्या. त्या अलगद उलगडल्यावर आत 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे रक्षण करो' ही याजकांच्या, म्हणजे पुजाऱ्यांच्या, आशीर्वादातली अक्षरं निघाली. इसवी सनापूर्वी 600 च्या आसपासची. (याच हिन्नोम खोऱ्याच्या नावावरून पुढे 'गेहेन्ना' म्हणजे नरक हा शब्द तयार झाला. तनाखमध्ये ते नुसतं एक बदनाम खोरं आहे.)

इथे एक शंका रास्त आहे. अब्राहाम मेला तेव्हा मकपेलात फक्त सारा होती, त्याचे पूर्वज दूर देशी. मग तो 'आपल्या लोकांना' मिळाला कसा? म्हणजे हाडांपलीकडेही या शब्दांत काहीतरी होतं, मेलेल्यांचं एखादं गोत. पुस्तक ते उलगडून सांगत नाही.

## सुतक आहे, श्राद्ध नाही

मराठी वाचकाला इथे एकदम ओळखीचं काही भेटतं. मढ्याला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध. मढं ज्या तंबूत असेल त्यातली सगळी माणसं अशुद्ध, झाकण नसलेली भांडीसुद्धा. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी तांबड्या कालवडीच्या राखेचं पाणी शिंपडून शुद्धी. याजकाने तर आई-बाप, मुलं, भाऊ आणि बिनलग्नाची बहीण सोडून कुणाच्या मढ्याजवळ फिरकायचं नाही. आपल्याकडच्या सुतकाशी याचं नातं नाही, पण आपल्या आजीला हे नियम समजावून सांगावे लागले नसते.

आजी अडखळली असती ती पुढच्या नियमाशी. पिकाचा दशमांश देताना शेतकऱ्याने शपथेवर सांगायचं: यातलं मी सुतकात खाल्लं नाही आणि मेलेल्यापुढे ठेवलं नाही. म्हणजे देवाचा वाटा पितरांच्या पानात वाढायचा नाही. शेजारच्या इजिप्तमध्ये अख्खं राज्य मेलेल्यांची सोय बघण्यात गुंतलेलं. इथे उलट कारभार. मोशे 120 वर्षांचा होऊन मेला, मवाबच्या खोऱ्यात कुठेतरी पुरला गेला आणि 'आजवर त्याचं थडगं कुणाला ठाऊक नाही', असं पुस्तकच बजावून सांगतं. मला तर वाटतं, जागा कळली असती तर पहिल्याच वर्षी तिथे जत्रा भरली असती, म्हणून ही खबरदारी.

## मग माणसाचं उरतं काय?

नाव. हिब्रूत 'शेम'. आणि नाव ठेवायचं तर दोन आधार हवेत: वंश आणि वतनाची जमीन. यांपैकी एक जरी तुटला तरी माणूस दुसऱ्यांदा मेला.

म्हणून एक कायदा आपल्याला विचित्र वाटेल असा. भाऊ निपुत्रिक मेला तर दिराने भावजयीशी लग्न करायचं आणि पहिला मुलगा मेलेल्या भावाच्या नावाचा समजायचा. दीर नाही म्हणाला तर तिने गावच्या वडीलधाऱ्यांदेखत त्याच्या पायातली वहाण काढायची आणि त्याच्या तोंडावर थुंकायचं. त्याच्या घराला मग कायमचं नाव पडायचं, 'वहाण काढलेल्याचं घर'.

सलाफहादाच्या पाच मुलींची गोष्ट याहून रंगतदार. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप वाळवंटात मेला, मुलगा नाही. जमिनीची वाटणी पुरुषांच्या नावे चाललेली. या पाचजणी सरळ मोशेपुढे, सगळ्या पुढाऱ्यांदेखत उभ्या राहिल्या: मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसलं जावं? आम्हाला वाटा द्या. मोशेला उत्तर सुचेना, तो देवाकडे गेला. देव म्हणाला, मुली बरोबर बोलतायत. आपल्याकडे मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा द्यायला महाराष्ट्राने 1994 मध्ये कायदा बदलला, केंद्राने 2005 मध्ये. म्हणून या पाचजणींवर फार भाळूनही जाऊ नका. त्याच पुस्तकाच्या शेवटी चुलत्यांकडची माणसं तक्रार घेऊन येतात, मुली परक्या वंशात गेल्या तर जमीन जाईल त्याचं काय? निकाल: लग्न आपल्याच वंशातल्या माणसाशी करायचं. पाचहीजणी चुलतभावांच्या घरी गेल्या. चिंता मुलींच्या हक्काची नव्हतीच, बापाच्या नावाची होती.

शौलानंतरचा राजा दावीद, त्याचा बंडखोर मुलगा अबशालोम याने जिवंतपणीच स्वतःचा स्तंभ उभारून ठेवला, नाव चालवायला मुलगा नाही म्हणून. (चार अध्याय आधी त्याला तीन मुलगे असल्याचं लिहिलंय. ते लहानपणीच गेले असावेत, असं भाष्यकार सांगतात.) त्या स्तंभाला 'याद' म्हटलंय, शब्दशः हात. पुढे यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात देव नपुंसकांना वचन देतो, माझ्या घरात तुम्हाला मुलामुलींहून चांगलं 'याद वाशेम' देईन, स्मारक आणि नाव. हिटलरच्या राजवटीने मारलेल्या यहुद्यांचं स्मारक 1953 मध्ये जेरुसलेममध्ये स्थापन झालं, त्याचं नाव याद वाशेम. घराणीच्या घराणी संपली होती, नाव घ्यायला मागे कुणी नव्हतं. तिथे नावं गोळा करण्याचं काम अजून चालू आहे.

## गोएल: एकाच माणसाची तीन कामं

आता या लेखातला शेवटचा अवघड शब्द. 'गोएल' म्हणजे सर्वांत जवळचा भाऊबंद, ज्याच्यावर कर्तव्यं बांधलेली आहेत. नातलगाने अडचणीत जमीन विकली तर गोएलने ती सोडवून घ्यायची. नातलग कर्जापायी गुलाम झाला तर त्याला सोडवायचं. आणि नातलगाचा कुणी खून केला तर खुन्याला मारायचं. तिन्ही कामांना शब्द एकच, कारण तिन्हींत कुळातून काहीतरी गेलेलं असतं आणि ते परत आणायचं असतं.

रूथच्या पुस्तकात हा गोएल प्रत्यक्ष भेटतो. बेथलेहेमची नामी दुष्काळात नवऱ्या-मुलांसह परमुलखात गेली. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. ती परतली ती एका विधवा सुनेला, परक्या देशातल्या रूथला, घेऊन. बवाज नावाचा श्रीमंत नातलग मदतीला तयार होता, पण त्याच्याहून जवळचा एक भाऊबंद होता. बवाज सकाळी वेशीत जाऊन बसला. तो भाऊबंद जाताना दिसला तशी हाक मारली, दहा वडीलधारे बसवले आणि विचारलं, नामीची जमीन सोडवतोस का? भाऊबंद लगेच म्हणाला, सोडवतो. बवाज म्हणाला, जमिनीबरोबर मेलेल्याची बायकोही येते, त्याचं नाव त्याच्या वतनावर राखायला. मग तो कचरला: नको, माझंच वतन बिघडेल, तू घे.

हिशोबी माणूस. जमीन घ्यायची आणि ती उद्या मेलेल्याच्या नावाच्या पोराला द्यायची, यात फायदा काय? आता गंमत बघा. बवाजचं नाव आहे, रूथचं आहे, त्यांच्या पोटी आलेल्या ओबेदाचं आहे, ओबेदाचा नातू राजा दावीद. या भाऊबंदाचं नाव काय? बवाज त्याला हाक मारतो ती अशी: 'इकडे ये, बस, पलोनी अलमोनी.' म्हणजे अमक्या-तमक्या. या 'पलोनी'चा अरबी भाऊ 'फुलान', आणि तोच फारसीमार्गे मराठीत येऊन झाला आपला फलाणा. स्वतःचं वतन जपायला निघालेला माणूस पुस्तकात फलाणा म्हणून राहिला.

## रक्ताची फिर्याद

पहिला मृत्यू तनाखमध्ये म्हातारपणाने होत नाही, खुनाने होतो. काइन भाऊ हाबेलला शेतात मारतो आणि देव म्हणतो, तुझ्या भावाचं रक्त जमिनीतून माझ्याकडे ओरडतंय. हिब्रूत इथे 'रक्तं' असं अनेकवचन आहे. नंतरच्या यहुदी पंडितांनी त्याचा अर्थ लावला, त्याचं आणि त्याच्या न जन्मलेल्या सगळ्या वंशजांचं रक्त. खून एकाचा पडत नाही, पुढची अख्खी रांग पडते.

जमिनीने रक्त प्यायलं की ती बाटते आणि खुनी पैसे देऊन सुटू शकत नाही. शेजारच्या राज्यांत रक्ताची किंमत घेऊन प्रकरण मिटवता येई. मोशेचा कायदा साफ सांगतो, खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घ्यायची नाही.

पण चुकून मेला तर? कायद्यात दाखला आहे: दोघे लाकडं तोडायला गेले, घाव घालताना कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं, सोबत्याला लागलं, तो मेला. मेलेल्याचा गोएल रागाने पेटून निघणारच. त्यासाठी सहा आश्रयनगरं नेमली, यार्देन (जॉर्डन) नदीच्या अलीकडे तीन, पलीकडे तीन. तिथे पोचलेल्याची आधी चौकशी. जाणूनबुजून मारलं असेल तर बाहेर काढून गोएलच्या हवाली. अपघात असेल तर शहरात राहायचं, मुख्य याजक मरेपर्यंत. आणि एकाच्या साक्षीवर फाशी नाही, किमान दोन साक्षीदार, आणि पहिला दगड त्यांनीच मारायचा. आरोप करणाऱ्याच्या हाताला दगडाचं वजन कळलं पाहिजे.

मला सर्वांत आवडतो तो बेवारस प्रेताचा नियम. शेतात मढं सापडलं, मारेकरी माहीत नाही. आपल्याकडे असं झालं की हद्द कुणाची यावर दोन पोलीस ठाण्यांत आधी वाद होतो. इथे वडीलधाऱ्यांनी दोरी घेऊन प्रेतापासून आजूबाजूच्या गावांची अंतरं मोजायची. ज्याचं गाव सर्वांत जवळ, त्याने जबाबदारी घ्यायची. त्या गावच्या म्हाताऱ्यांनी न जुंपलेली कालवड वाहत्या ओढ्याकाठी नेऊन तिची मान मोडायची, वर हात धुऊन म्हणायचं, आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही. मेलेला कोण ते ठाऊक नाही, फिर्यादी कुणी नाही, तरी गाव हजर.

## 'पण डोळ्याच्या बदल्यात डोळा हे क्रौर्यच ना?'

युद्ध पेटलं की टीव्हीवर हे वाक्य हमखास येतं, बेफाम सुडाचा परवाना म्हणून. त्याचा रोख उलटा होता. एका डोळ्याबद्दल एकच डोळा, आख्खं गाव जाळायचं नाही. ही सूडाला घातलेली वेसण आहे.

बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचा कायदा, इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातला, शेजारी ठेवून बघा. त्यात उच्चकुलीनाचा डोळा फोडला तर डोळा, सामान्य माणसाचा फोडला तर चांदीचा दंड. मोशेच्या कायद्यात परक्याला नि स्वकीयाला नियम एकच. गुलामाच्या बाबतीत मात्र फरक आहेच: मालकाने त्याचा डोळा फोडला तर मालकाचा डोळा जात नाही, गुलाम मोकळा होतो. पुढे पंडितांनी डोळ्याचा अर्थ डोळ्याची किंमत असा लावला आणि भरपाईचे पाच भाग पाडले: इजा, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि झालेली मानहानी. मोटार अपघाताच्या दाव्यात वकील जे मांडतात तेच हे जवळजवळ.

## बापाचं पाप पोराच्या माथी?

इथे दप्तरातले कागद खरेच भांडतात. दहा आज्ञांत देव म्हणतो, मी बापाच्या पापाचा झाडा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतो. त्याच तोराच्या पाचव्या पुस्तकात कायदा आहे, मुलांसाठी बापाला आणि बापासाठी मुलांना मारायचं नाही. हम्मुराबीकडे घर कोसळून घरमालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला मारायची तरतूद होती. ती इथे थेट नाकारलेली.

तरी दावीदाच्या राज्यात काय घडलं ते वाचवत नाही. तीन वर्षं दुष्काळ. कारण निघालं, शौलाने गिबोनी लोकांची कत्तल केली होती. गिबोन्यांनी पैसा नको म्हटलं, शौलाच्या घरातले सातजण मागितले. दावीदाने दिले. डोंगरावर त्यांना मारून तसंच उघड्यावर टाकलं. त्यातले दोन शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे मुलगे. रिस्पाने गोणपाट घेतलं, खडकावर अंथरलं आणि जवाच्या कापणीपासून आभाळातून पाऊस पडेपर्यंत तिथेच बसली. दिवसा पाखरं हाकली, रात्री जनावरं. पुस्तकात तिच्या तोंडी एक शब्द नाही. ही बातमी दावीदापर्यंत गेली तेव्हा त्याने शौलाची, शौलाचा मुलगा योनाथान याची आणि या सातांची हाडं गोळा करून घराण्याच्या थडग्यात ठेवली. त्यानंतर देवाने देशाची विनवणी ऐकली, असं वाक्य आहे. फाशीनंतर लगेच नव्हे, माती दिल्यानंतर. कुणाच्या बाजूने लिहिलंय हे, तुम्हीच बघा.

हा वाद निकाली काढायचा प्रयत्न यहेज्केल या संदेष्ट्याने केला. इसवी सनापूर्वी 597 मध्ये बॅबिलोनने जेरुसलेमच्या लोकांना धरून नेलं, 586 मध्ये मंदिरही पाडलं. निर्वासितांच्या तोंडी एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. म्हणजे पाप आजोबांचं, भोगतोय आम्ही. यहेज्केल म्हणाला, ही म्हण पुन्हा उच्चारू नका. बाप, मुलगा, नातू असे तीन खटले त्याने मांडले आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा दिला. जो पाप करील तोच मरेल.

## हिशोब जुळेना

पण यहेज्केलाच्या हिशोबातही पेच उरतोच. निकाल याच जन्मी लागायचा असेल तर सज्जन का मरतात आणि लबाड का नव्वदी गाठतात? पुनर्जन्म नाही, म्हणजे मागच्या जन्मीचं कर्म ही आपली पळवाट बंद. स्वर्ग नाही, म्हणजे पुढची तारीखही नाही.

इय्योब यावरच भांडतो. निर्दोष असून मुलं, गुरंढोरं, तब्येत सगळं गमावलेला माणूस. तो म्हणतो, झाड तोडलं तर पाण्याच्या वासाने पुन्हा फुटतं, माणूस मेला की संपला. माझे शब्द लोखंडी लेखणीने खडकात कोरून ठेवा. आणि सगळे नातलग पाठमोरे झालेले असताना म्हणतो, माझा गोएल जिवंत आहे, ते मला ठाऊक आहे. कुणाबद्दल म्हणतो? बहुतेक देवाबद्दल, म्हणजे ज्याच्यावर फिर्याद त्यालाच पाठीराखा म्हणून हाक. शेवटी त्याचं सगळं दुप्पट परत मिळतं: मेंढरं 7,000 होती ती 14,000, उंट 3,000 चे 6,000. मुलं मात्र पूर्वी दहा होती तशी दहाच. गेलेल्या दहांबद्दल पुस्तक काही बोलत नाही. नव्या तिन्ही मुलींना मात्र भावांबरोबर वतनात वाटा मिळाला, एवढं आवर्जून सांगतं.

उपदेशक नावाच्या पुस्तकाचा लेखक तर नावावरचाही विश्वास उडालेला. सगळं 'हेवेल', म्हणजे वाफ. (हाबेलचं हिब्रू नावही हेच.) कष्टाने मिळवलेलं वारसाला द्यायचं, तो शहाणा निघेल की मूर्ख कुणाला ठाऊक? मेलेल्या सिंहापेक्षा जिता कुत्रा बरा. तरी सल्ला काय, तर भाकर आनंदाने खा.

हिशोब पुरता फिसकटला तो इसवी सनापूर्वी 167 मध्ये. अंतियोख चौथा या ग्रीक राजाने सुंता, शब्बाथ (शनिवारची सक्तीची विश्रांती) यांवर बंदी घातली आणि पाळणाऱ्यांना ठार केलं. म्हणजे आता माणसं देवाचं ऐकलं म्हणूनच मरत होती. त्या धामधुमीतल्या दानीएलाच्या पुस्तकात वाक्य आलं: मातीत निजलेले बरेच जण जागे होतील, कुणी सदाच्या जीवनासाठी, कुणी सदाच्या अप्रतिष्ठेसाठी. मेलेले उठतील आणि निवाडा होईल, हे अख्ख्या तनाखमध्ये इतकं स्वच्छ इथेच आहे. लक्षात घ्या, ही आशा मरणाच्या भीतीतून आलेली नाही. थकीत राहिलेल्या न्यायातून आली. त्यानंतरही सगळ्यांनी ती मानली नाही: यहुद्यांतला परुशी हा पंथ मानत असे, मंदिराचे मानकरी सदूकी साफ नाकारत. पुढे परुश्यांचं मत यहुदी धर्मात रुजलं.

## नवगावची दोन टेकाडं

हे सगळं दूरदेशीचं खरं, पण त्याची एक खूण अलिबागजवळ नवगावला आहे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, सांगतात की फार पूर्वी त्यांचं जहाज इथे किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष, सात बायका वाचल्या. पवित्र पुस्तकं समुद्रात गेली. वाचलेले तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पुस्तकाविना त्यांच्याकडे उरलं ते शब्बाथ, सुंता, 'शमा इस्राएल' ही प्रार्थना आणि एलियाहू हन्नबी, म्हणजे एलीया हा संदेष्टा, जो मेलाच नाही, अग्निरथासह वावटळीतून वर गेला. त्याच्या नावाने अजून पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा होतो, आणि त्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर दाखवतात. नावं गावांनी दिली: पेणकर, किहीमकर, रोहेकर, दिवेकर.

बेने इस्राएलांच्या थडग्यांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही अक्षरं दिसतात. यहुद्यांच्या दगडांवर बऱ्याचदा खाली पाच हिब्रू अक्षरं असतात. शमुवेलाच्या पुस्तकात अबीगईल नावाची बाई दावीदाला सांगते, तुझा जीव देवाजवळच्या जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. त्या वाक्याची ही आद्याक्षरं. शब्द तोच, नेफेश.

जहाजातल्या बुडालेल्यांना मात्र दगड नाहीत. नवगावला त्यांची दोन टेकाडं दाखवतात, एकात पुरुष, एकात बायका. नाव एकाचंही माहीत नाही. माती वाचलेल्या चौदांनी दिली.